खोकला काढू नये

या अंकाच्या संपादकांनी मला 'आयटीतले अनुभव' लिहायला सांगितले होते. मी आयटीत सॉफ्टवेअर तपासते. म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्रॅम दिवसभर वापरायचा, तो कुठे कोसळतो ते बघायचं आणि लिहिणाऱ्याला सौम्य शब्दांत कळवायचं. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच आहे आणि ते सांगून झालं. उरलेल्या पानांत मी माझ्या दुसऱ्या कामाबद्दल लिहिते. ते मी शनिवारी करायचे, ऑफिसात त्याचा पत्ता कुणाला नव्हता, आणि त्यातही मुख्यतः लोकांना नकारच कळवायचे असायचे.

घरोघरी ब्रॉडबँड आलं त्या सुमाराची गोष्ट. पुण्यात कितीतरी कपाटांमध्ये जुन्या कॅसेटी आणि टेपची रिळं पडून होती. घरगुती बैठका, सोसायटीचे कार्यक्रम, जयंतीचे जलसे, कुणाच्या तरी मुंजीतलं गाणं. हे सगळं एकमेकांना देता यावं म्हणून आगाशे सरांनी एक संकेतस्थळ काढलं. दुकानात विकत मिळणारी गाणी तिथे चालत नसत. फक्त घरात मुद्रित केलेली, आणि गाणाऱ्यांची किंवा त्यांच्या घरच्यांची परवानगी असलेली. सर टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते. त्यांच्या मित्राचं बुधवार पेठेत वायरी आणि स्पीकरचं दुकान होतं. त्यावरच्या पोटमाळ्यावर सरांनी एक टेपडेक, एक संगणक आणि एक टेबलफॅन मांडला होता. टेपडेक चालू असताना टेबलफॅन बंद ठेवावा लागे.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती बाबांची कॅसेट घेऊन. आमच्या विश्रांतवाडीच्या वस्तीतल्या एका जयंतीला आत्यानं भीमगीतं गायली होती, त्याची. कॅसेटवर गाण्याइतकाच जनरेटरचा आवाज होता. तो काढून टाकता येईल का, असं मी विचारलं. सर म्हणाले, "येईल. पण आधी वडिलांना विचार." मी ती तशीच घरी नेऊन बाबांना ऐकवली. बाबांनी आत्याचा आवाज ओळखायच्या आधी जनरेटरवाल्याचं नाव सांगितलं, आणि तो दर वर्षी तिसऱ्या गाण्याला कसा बंद पडायचा तेही. तिसऱ्या गाण्याला तो बंद पडलाच. बाबा इतके खूष झाले, की मी जनरेटर ठेवला. पुढच्या शनिवारी मी सरांकडे परत गेले आणि मग जातच राहिले.

सरांनी मला तपासनीस केलं. कुणी फाइल पाठवली की ती नियमांत बसते का ते बघायचं आणि 'पास' किंवा 'नापास' लिहायचं. नियम सरांनी स्वतः लिहिले होते. ते वाचले की त्यांच्या इमारतीच्या जिन्यात कुणाच्या पाट्या असतील ते कळायचं.

'गाणं जसं झालं तसं द्यावं. सुधारणा आपापल्या घरी कराव्यात.'

'सूत्रसंचालकाचं बोलणं कापू नये. आम्हालाही ते आवडत नाही.'

'फाइलचं नाव "छान गाणं नवीन फायनल" असं ठेवणाऱ्यांनी दुसरा छंद शोधावा.'

'खोकला काढू नये.'

या शेवटच्या नियमाकडे मी येणार आहे. त्याआधी तांत्रिक भाग एकदा सांगून टाकते.

एमपीथ्री म्हणजे गाण्यातलं जे माणसाला फारसं ऐकू येत नाही असं कुणीतरी ठरवलंय, ते टाकून देऊन केलेली लहान फाइल. फ्लॅक म्हणजे काहीही न टाकता नीट घडी घातलेली फाइल. साडीसारखी, उलगडली की सगळी परत. आम्हाला फ्लॅक लागे. लोकांकडे एमपीथ्री असे. आणि एमपीथ्रीची फ्लॅक करता येते, अडचण तिथेच आहे. आकार वाढतो, नाव बदलतं, पण टाकलेलं परत येत नाही. झेरॉक्सला लॅमिनेशन केलं म्हणून ती मूळ प्रत होत नाही, तसं.

ही लबाडी कानाला चटकन कळत नाही, डोळ्याला कळते. संगणकावर आवाजाचं चित्र काढता येतं. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर आवाजाची उंची. खऱ्या कॅसेटची खरखर त्या चित्रात धुक्यासारखी वरपर्यंत गेलेली दिसते. एमपीथ्रीतून आलेल्या फाइलीत मात्र वरचा भाग एका सरळ रेघेत कोराच असतो. सरकारी शाळेच्या भिंतीला अर्ध्यापर्यंत ऑइलपेंट असतो, अगदी तसं. ती रेघ दिसली, की मी 'नापास' लिहून खाली दोन ओळींत कारण द्यायचे. मी इंग्रजी माध्यमात शिकले. मराठी लिहायला मी या दोन ओळींमुळेच शिकले. त्यामुळे माझं सुरुवातीचं सगळं मराठी लेखन नकाराचं आहे.

माझं नाव तिथे फक्त 'तपासनीस' असं होतं. मी कोण हे मी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही, कारण सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं की मी सत्तरीचा, दमेकरी, सदाशिव पेठेतला गृहस्थ आहे. सभासद मला 'तपासनीस काका' म्हणत. काही जण 'सा. न. वि. वि.' लिहून सुरुवात करत. मला ते फार सोयीचं होतं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझ्या तोंडून शब्द निघत नसे आणि इथे एक मुख्याध्यापक मला प्रकृती सांभाळायला सांगत होते.

सगळेच इतके प्रेमळ नव्हते. एकानं शेजारच्या फ्लॅटमधली बैठक भिंतीला टेप लावून मुद्रित केली होती आणि दर्जाच्या रकान्यात 'उत्तम (विटेची भिंत)' असं लिहिलं होतं. 'कोमलऋषभ' या टोपणनावाच्या सभासदाची फाइल मी नाकारली तेव्हा त्यांनी 'आपण आपले कान तपासून घ्यावेत' असं कळवलं. मी खरंच तपासून घेतले. ठीक निघाले. रिपोर्ट मी त्यांना स्कॅन करून पाठवला आणि तोही अशा प्रकारच्या फाइलीत, की ज्यात काही तपशील टाकला जात नाही. त्यानंतर ते माझ्याशी अदबीनं भांडू लागले.

आता खोकला.

काम सुरू केल्यावर काही महिन्यांतच माझ्या लक्षात आलं, की पुण्यातल्या जुन्या बैठकांमध्ये एकच माणूस खोकतोय. दोन छोटे, एक लांब. गायक वेगळे, घरं वेगळी, टेप करणारे वेगळे, खोकला तोच. माणूस पुढे बसणारा असावा, कारण माइकच्या जवळ यायचा. आणि सभ्य असावा, कारण गाण्यावर कधीच खोकायचा नाही. तबला लावताना, चहा फिरताना, टाळ्या संपल्यावर. मी हे सरांना दाखवलं. सरांनी ते संकेतस्थळावर लिहिलं, आणि मग ते आमच्या हातात राहिलं नाही.

सभासद खोकल्यावरून ध्वनिमुद्रणांची जात ठरवू लागले. खोकला असला की बैठक पुण्याची आणि फाइल मूळ टेपवरून घेतलेली, कारण साफसफाई करणारे लोक सगळ्यात आधी खोकलाच काढतात. काळही ठरू लागला: अगदी जुन्या बैठकांत हा खोकला नव्हता, म्हणून त्या 'खोकलापूर्व', नंतरच्या 'खोकलोत्तर'. कुणी खोकलोत्तर काळातच उत्तरार्ध पाडला, कारण लांब खोकला तिथे थोडा खर्जात गेला होता. याच दिवसांत सरांनी तो नियम लिहिला. त्याचा परिणाम असा झाला की एका सभासदानं नागपूरच्या बैठकीत आमचा खोकला चिकटवून पाठवला. एकाच फाइलीत तीन ठिकाणी, तिन्ही अगदी तंतोतंत सारखे. खरा माणूस एकदाही अगदी पहिल्यासारखा खोकत नाही. मी नापास केल्यावर त्यांनी निरागसपणे लिहिलं, 'तुमच्याकडे खोकल्याशिवाय पास करत नाहीत असं ऐकलं होतं.'

अशात एका शनिवारी पोटमाळ्याच्या शिडीवरून आधी एक स्टीलचा डबा वर आला आणि मागून ओगलेबाई आल्या.

ओगलेबाई कर्वेनगरला राहायच्या आणि त्यांच्याकडे गाणं शिकलेल्या मुलींच्या मुली आता त्यांच्याकडे शिकत होत्या. डब्यात टेपचं रीळ होतं. तरुणपणी त्यांची एका घरी बैठक झाली होती, तिचं. त्यांच्या गाण्याचं तेवढं एकच मुद्रण शिल्लक होतं. पंचाहत्तरीनिमित्त शिष्या त्यांचा सत्कार करणार होत्या आणि त्यात ते ऐकवलं जाणार होतं. अडचण एकच होती. त्यातल्या सगळ्यात वरच्या सुरावर, तार षड्जावर, कुणीतरी खोकलं होतं.

"कुणीतरी म्हणजे हे," बाई म्हणाल्या आणि मागे वळल्या. शिडीवरून ओगले काका अर्धे वर आले होते. नाजूक अंगाचे, इस्त्रीचा शर्ट, गळ्याला भर उन्हाळ्यात मफलर.

सरांनी टेप लावली. षड्ज आला आणि त्यावर दोन छोटे, एक लांब.

सर उभे राहिले. त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग चाचरत विचारलं, की काका संग्रहासाठी, केवळ नमुना म्हणून, एकदा माइकसमोर खोकतील का. काकांनी बाईंकडे पाहिलं.

"खोका," बाई म्हणाल्या. "नको तिथे खोकलात, इथे निदान मागतायत."

काका खोकले. सरांनी तो आमच्याकडे होता त्या सर्वोच्च दर्जात मुद्रित केला. तांत्रिकदृष्ट्या आमच्या संग्रहातली ती सर्वांत निर्दोष फाइल आहे.

बाईंना मात्र याचं कौतुक नव्हतं. त्यांना खोकला काढून हवा होता. त्या खोकल्यानं आपलं गाणं मोडलं, असं त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. त्यानंतर बैठका करायची इच्छाच गेली, शिकवत राहिले. खोकल्याखाली माझा षड्ज आहे, लख्ख आहे, तो मला एकदा मुलींना ऐकवायचाय. हे बोलताना त्या काकांकडे पाहत नव्हत्या आणि काका मफलर सारखा करत होते.

सर म्हणाले की संग्रहात जाईल ती प्रत जशीच्या तशीच राहील, नियम आहे. पण त्यांच्यासाठी वेगळी प्रत करून देता येईल. "ही करेल," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"ही? तपासनीस काका करणार नाहीत?"

"हेच ते," सर म्हणाले.

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मला वाटलं वय असेल," एवढंच म्हणाल्या.

खोकला काढणं कसं असतं ते सांगते. चित्रात गाण्याचा सूर आडव्या रेघांसारखा दिसतो, एकावर एक. खोकला म्हणजे त्यावर उभा पट्टा, विजेच्या खांबासारखा. तो पट्टा हळूहळू फिका करत गेलं, की मागच्या रेघा दिसायला लागतात. मी दुपारभर तेच करत होते. बाईंची रेघ सुंदर वर चढत होती. अगदी वर पोचली. आणि पोचून खाली घसरली.

मी चित्र मोठं करून पाहिलं. रेघ आधी घसरत होती. खांब त्यानंतर होता. खांबाच्या मागे ती रेघ चाचपडत होती आणि खांब संपला तिथे परत जागेवर आली होती. खोकल्यामुळे सूर हलला नव्हता. सूर हलला आणि मग, लगेच, खोकला आला होता.

मग मला दुसरं आठवलं. हा माणूस गाण्यावर कधीच खोकत नसे; फक्त या एका ठिकाणी खोकला होता. आणि हे रीळ आमच्या हिशेबानं खोकलापूर्व काळ संपतो तिथलंच होतं. म्हणजे हा त्यांचा पहिला खोकला होता.

पुढच्या शनिवारी काका एकटेच आले. सर जेवायला गेले होते. काकांनी आळूवड्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि "विकतच्या आहेत, हिला माहीत नाही," असं सांगितलं. मग विचारलं, "निघतोय का?"

"निघतोय," मी म्हणाले.

"नाहीच निघाला तर? यंत्रच आहे. एखाद्या वेळेस नाही निघत."

माझ्यासारख्या मुलीला असं काही बोलायला धीर लागतो, पण मी म्हणाले, "काका, मी चित्र पाहिलंय."

काका एका स्पीकरच्या खोक्यावर बसले. "मला सुरातलं काही कळत नाही," ते म्हणाले. "पण तिची भुवई कळते. आमटीत मीठ जास्त पडलं की जाते तशी वर गेली. समोर अख्खं पुणं बसलेलं. मला दुसरं काय येत होतं? खोकलो."

"मग बाकीच्या बैठकांत?"

"आठ दिवसांनी दुसरीकडे गाणं होतं. तिथे मी नुसता बसून राहिलो असतो, तर हिच्या लक्षात आलं नसतं का, की त्याच दिवशी बरा खोकला? म्हणून तिथे खोकलो. मग पुढच्या ठिकाणी. गाण्यावर नाही हं कधी. लोकांना त्रास कशाला. तेव्हापासून हिनं माझं आइस्क्रीम बंद केलंय. दही बंद. सरबत बंद. रोज अडुळसा. मला आंब्याचं आइस्क्रीम फार आवडायचं."

इतक्या वर्षांत ते कुणाला बोलले नव्हते आणि आताही फार बोलले असं त्यांना वाटलं असावं. उठून म्हणाले, "तेवढं बघ. तिला कळायला नको. तिचं एकच गाणं आहे ते."

उपाय होता. त्याच मुद्रणात बाईंनी पुढे तोच षड्ज पुन्हा लावला होता आणि तो खरोखरच लख्ख होता. तो उचलून खांबामागे बसवला असता, तर जोड कुणाला कळला नसता. कळला असता तो फक्त तपासनीसाला, आणि तपासनीस मीच होते. पण नागपूरच्या बैठकीवाल्या त्या सभासदाला 'चिकटवलेलं चालत नाही' असं मी लिहिलं होतं, ते मला पाठ होतं. मी सभ्यपणे भ्याले आणि नियमामागे लपले. बाईंना दोन ओळी लिहिल्या: 'आपल्या मुद्रणातील खोकला काढता येत नाही. नियम पाहावेत.'

त्या नियम पाहायला स्वतःच आल्या.

"येत नाही की काढत नाही?" शिडी चढून दम न घेता त्यांनी विचारलं. खाली वायरी घेणारं गिऱ्हाईकही वर बघायला लागलं. मी नियमावर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, की वेगळी प्रत देतो असं आगाशे म्हणाले होते, आगाशे बदलले की नियम? मला खोटं बोलता येत नाही. मी गप्प राहते, आणि लोक त्याचा जो अर्थ काढायचा तो काढतात. मी गप्प राहिले. दुर्दैवानं संगणकाचा पडदा चालूच होता, त्यावर तेच चित्र.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी चष्मा लावला. सगळा जन्म ज्यांनी सूर बघितला, त्यांना चित्र वाचायला किती वेळ लागणार. त्यांचं बोट आडव्या रेघेवर आलं. "ही मी?"

"हो."

बोट उभ्या पट्ट्यावर गेलं. "आणि हे, हे?"

"हो."

बोट परत मागे आलं, रेघेवरून सावकाश चढलं, घसरलं आणि पट्ट्यापाशी थांबलं. मग ते पुन्हा एकदा तसंच गेलं. मी टेबलफॅनकडे बघत होते. बंद होता.

"हे आधीचं आणि हे नंतरचं?" त्यांनी विचारलं. "डावीकडचं आधी असतं ना तुमच्यात?"

"हो."

त्यांची भुवई वर गेली होती. मग त्यांनी चष्मा काढून डब्यात ठेवला, रिळाच्या डब्यात, आणि तो तिथेच विसरल्या.

"इथे जवळपास आंब्याचं आइस्क्रीम कुठे मिळतं?" त्यांनी विचारलं.

मी रस्ता सांगितला. शिडीच्या पहिल्या पायरीवरून त्या वळून म्हणाल्या, "खोकला राहू दे. आणि हे बघ, ह्यांना काही बोलू नकोस. त्यांना वाटतं, मला कळलेलं नाही."

सत्कार कर्वेनगरच्या एका शाळेच्या सभागृहात झाला. मुद्रण ऐकवलं, खोकल्यासकट. खोकला आला तेव्हा आमच्या सभासदांनी टाळ्या वाजवल्या आणि बाकीच्या लोकांना तो षड्जासाठी वाटला. मीही गेले होते. बाई पहिल्या रांगेत होत्या, मी मागच्या. मी कोण ते मी तिथेही सांगितलं नाही; 'तपासनीस काका प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत' असं सरांनी माइकवरून जाहीर केलं आणि लोक हळहळले.

त्यानंतर बाईंची सगळ्यात लहान शिष्या गायला बसली. पाठ केलेलं सगळं घाईनं गात गेली आणि वरच्या षड्जावर पोचून डगमगली. तिचा हात हवेत तसाच राहिला. त्याच क्षणी पहिल्या रांगेतून खोकला आला. दोन छोटे, एक लांब. मुलीनं तेवढ्यात सूर पकडला आणि ती पुढे गेली.

मी आपोआप काकांना शोधलं. काका सभागृहात नव्हते. 'आत खाद्यपदार्थ आणू नयेत' अशी पाटी दारावर होती, म्हणून ते बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले होते. मफलर मांडीवर होता आणि ते लाकडी चमच्यानं कप खरवडत होते.

संकेतस्थळ आता बंद झालंय. लोक फोनवर ऐकतात आणि काय टाकून दिलंय ते कुणी विचारत नाही. डिस्का माझ्या कपाटात आहेत. त्या कार्यक्रमाची फाइल मी शेवटच्या काही फाइलींमध्ये तपासली. कोमलऋषभ यांनी त्यावर लगेच हरकत घेतली होती: खोकला बनावट आहे, पट्टी चढी आहे, लांब खोकला आखूड आहे, मूळ पुरुषाशी जुळत नाही, तपासनीसांनी कान पुन्हा तपासून घ्यावेत.

मी दोन ओळींत उत्तर लिहिलं. 'पास. खोकला अस्सल आहे, काढू नये.'